म्हाताऱ्या कुत्र्याला मळा नको, ओसरी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बदल्यांचे आदेश आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या एकाच सुमाराला येतात. त्या दिवसांत छोट्या जाहिरातींमध्ये आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकाच साच्याचा मजकूर फिरायला लागतो : 'लॅब्रॅडॉर फुकट देणे आहे. शांत स्वभाव. मळ्यासाठी उत्तम.' वय लिहिलेलं नसतं, वजन नसतं, नसबंदी झाली की नाही तेही नसतं. फोन लावला की कळतं, कुत्रं नऊ वर्षांचं आहे आणि मागचे पाय उचलायला त्याला जड जातंय. रस्त्यावरून जखमी उचललेल्या वयस्क कुत्र्यांची गतही वेगळी नाही. जखम भरते, केस येतात, उचलणाऱ्याच्या घरात जागा पुरत नाही आणि मग कुणीतरी म्हणतं, 'द्या ना भाऊ आमच्या मळ्यात, राखण करेल.' या 'मळ्यात द्या'बद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत.

राखण हे तरण्या कुत्र्याचं काम. त्याला तिखट कान लागतात, धावायला पाय लागतात आणि सोबतीला आणखी एक-दोन कुत्री लागतात. वय झालेल्या कुत्र्याला ऐकू कमी येतं, आणि हे धन्याच्या फार उशिरा लक्षात येतं, कारण कुत्रं वासावर आणि सवयीवर दिवस ढकलत असतं. यावल-रावेरची केळी घ्या, शहादा-तळोद्याचा ऊस घ्या, नाहीतर चाळीसगावकडचा डोंगरपट्टा. दाट पिकाच्या आडून बिबट्या पार झोपडीपर्यंत येतो. खुंट्याला साखळीने बांधलेलं बहिरं कुत्रं म्हणजे त्याच्यासाठी वाढलेलं ताटच. त्यात उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाइड आणि फवारणी पंप धुतलेलं पाणी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आजार कुणाला दिसत नाही. सालदार सकाळ-संध्याकाळ भाकरी टाकतो, तेवढीच भेट. कुत्रं पाणी किती प्यालं, लघवीला किती वेळा गेलं, भाकरी अर्धी का सोडली, हे बघणारं तिथे कुणी नसतं. आणि म्हातारपणाचे बहुतेक आजार आधी याच गोष्टींत दिसतात.

मळ्यातच कुटुंब राहत असेल, ओसरीवर दिवसभर माणसांचा वावर असेल, रात्री कुत्र्याला आत घेत असतील, तर ते घरच झालं. आमची हरकत खुंट्याला आहे.

घर शोधण्याआधी कुत्र्याची नीट ओळख करून घ्यावी लागते. सुरुवात वयापासून. पिल्लाचं वय दातांवरून महिन्याच्या हिशेबात सांगता येतं, पण सात वर्षांपुढे दात फक्त अंदाज देतात. दगड-हाडं चघळणाऱ्या गावठी कुत्र्याचे पुढचे दात पाचव्या वर्षीच बोथट झालेले असू शकतात. तोंडावरचे पांढरे केसही फसवतात. डोळ्यांतली निळसर झाक सात-आठ वर्षांनंतर बहुतेक कुत्र्यांत येते. तो मोतीबिंदू नव्हे, तिने नजर फारशी कमी होत नाही. मोतीबिंदूत बाहुली दुधासारखी पांढरी दिसते. म्हणून वय '8 ते 10' असं पट्ट्यात सांगावं. घर मिळावं म्हणून 'चार वर्षांचा' असं लिहिणारे आहेत. अशी कुत्री पहिल्या रक्ततपासणीनंतर परत येतात, आणि परत आलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला दुसरं घर मिळणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

रक्ततपासणीला फाटा देऊ नये. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते), यकृताची तपासणी, साखर, आणि त्याच दिवशी लघवीचा नमुना. लघवी वगळतात, ती चूक महागात पडते : मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश ताकद गेल्यावरच क्रिएटिनिन वाढतं, लघवी पातळ व्हायला मात्र त्याआधीच लागते. घरच्या घरी करायची एक तपासणी फुकट आहे. सकाळी मोजलेल्या एक लिटरच्या जगने भांडं भरा आणि चोवीस तासांत किती गेलं ते तीन दिवस लिहून ठेवा. 20 किलोच्या कुत्र्याला एरवी लिटर-सव्वा लिटर पुरतं, उन्हाळ्यात थोडं जास्त. दोन लिटरच्या वर जात असेल तर मूत्रपिंड, मधुमेह, आणि नसबंदी न झालेली मादी असेल तर गर्भाशयातला पू, या तिन्हींचा संशय धरावा. तो पू माजावर येऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांत होतो आणि त्यात वाट बघायला वेळ नसतो.

आपल्या भागातला हमखास आजार म्हणजे गोचीडताप. कुत्र्याच्या तपकिरी गोचिडी अंडी कुत्र्यावर घालत नाहीत. भिंतीच्या भेगांत, पत्र्याच्या खाचेत, धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंतीत घालतात. म्हणून कुत्रं स्वच्छ केलं तरी आठ-पंधरा दिवसांत परत गोचीड दिसते. रस्त्यावर वर्षं काढलेल्या कुत्र्यात हा आजार दबून राहतो. वरून तब्येत चांगली दिसते, घर बदलल्याचा ताण येतो आणि ताप चढतो, नाकातून रक्त येतं. नवं घर म्हणतं, 'आजारी कुत्रं गळ्यात मारलं.' प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असायला हव्यात. लाखाच्या खाली असतील तर उपचार पूर्ण होईपर्यंत कुत्रं कुणाला देऊ नये. त्यावरच्या डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स बहुधा 28 दिवसांचा असतो. पाचव्या दिवशी कुत्रं शेपटी हलवायला लागतं आणि गोळ्या बंद होतात, हे नेहमीचं. ही गोळी जेवणानंतर द्यावी, दुधातून देऊ नये. दुधातल्या कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही. गोठ्यात फवारायचं गोचिडीचं औषध अंदाजाने कालवून कुत्र्यावर ओतणंही थांबायला हवं. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे ते पोटात जातं. वजनावर मोजून द्यायच्या चघळण्याच्या गोळ्या मिळतात, त्यातल्या काहींचा परिणाम बारा आठवडे टिकतो.

रस्त्यावरच्या नर-मादी दोघांतही लघवीच्या जागी फुलकोबीसारखी गाठ आणि थेंब थेंब रक्त दिसलं तर घाबरून त्याला मरायला सोडू नका. हा समागमातून पसरणारा कर्करोग आहे. व्हिनक्रिस्टिनची आठवड्याला एक, अशी साधारण तीन ते सहा इंजेक्शनं लागतात आणि बहुतेक कुत्री बरी होतात. फक्त ती सगळी पूर्ण करूनच कुत्रं द्यावं. तिसऱ्या इंजेक्शनला दिलं की पुढची राहतातच. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं काम मुख्यतः गाई-म्हशींचं असतं. एक्स-रे किंवा रक्ततपासणी करायची तर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा शहरातल्या खासगी डॉक्टरकडे आधी फोन करून, कुठली सोय चालू आहे ते विचारून निघावं.

दुखणं मात्र रिपोर्टमध्ये दिसत नाही. उठताना पुढच्या पायांवर भार घेऊन मागचा भाग ओढणं, पायरीपाशी थबकणं, कंबरेवर हात ठेवताच मान वळवून बघणं, या खुणा. 'म्हातारं चिडकं झालंय' म्हणतात त्यातली निम्मी कुत्री चिडकी नसतात, त्यांचा खुबा दुखत असतो. यावर घरातली गुडघेदुखीची गोळी देऊ नये. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला मारक आहेत. कुत्र्यांना चालणारी वेदनाशामकंसुद्धा क्रिएटिनिन बघूनच देतात.

तपासण्या झाल्या की दोन-तीन आठवडे कुत्रं कुणाच्यातरी घरात ठेवून बघावं. पिंजऱ्यातलं कुत्रं आपला स्वभाव दाखवत नाही. या दिवसांत लिहून ठेवायच्या गोष्टी साध्या आहेत : दोन तास एकटं राहतं का, रात्री किती वेळा उठतं, जेवताना जवळ गेलं तर गुरगुरतं का, मांजर दिसल्यावर काय करतं, लग्नाच्या वरातीतल्या डीजेला आणि फटाक्यांना कसं वागतं. चावल्याचा इतिहास असेल तर तो लपवू नये. कुणाला, कुठे, कशामुळे चावलं, हे सगळं सांगावं. बहुतेक वेळा कारण साधं असतं, म्हणजे झोपेत मागून हात लावला, कान दुखत होता. ते आधी कळलं तर घरचे सांभाळून घेतात. नंतर कळलं की विश्वास संपतो. रेबीजची लस देऊन किमान 21 दिवस झालेले असावेत. लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) लसही दरवर्षी लागते, वय झालं म्हणून सोडायची नाही. नसबंदी झाल्याशिवाय मादी देऊ नये, विशेषतः जातिवंत. 'आम्हाला लॅबच पाहिजे, मादीच पाहिजे' असा फोन आला की समोरच्याला घर द्यायचं नसतं, पिल्लं विकायची असतात.

आता घर. घर बघायला प्रत्यक्ष जावं, आणि दुपारी जावं. 'दुपारी दोन वाजता घरात कोण असतं?' या एका प्रश्नाला जे उत्तर मिळतं ते दहा आश्वासनांपेक्षा मोलाचं. 'हिला नको आहे, पण सवय होईल' असं ऐकू आलं तर चहा पिऊन परत यावं. जिला नको आहे तिलाच फरशी पुसावी लागणार असते. भाड्याचं घर असेल तर मालकाची संमती लेखी घ्यावी. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. पण भांडण जिंकून म्हाताऱ्या कुत्र्याला रोज तिसऱ्या मजल्यावर चढवण्यात काय अर्थ? पायऱ्या मोजाव्यात. दहा-बाराच्या वर असतील आणि लिफ्ट नसेल तर मोठ्या अंगाचं कुत्रं तिथे देऊ नये. वीजभारनियमनात लिफ्ट बंद पडते, हेही लक्षात असू द्यावं.

फरशीकडे कुणी बघत नाही. जुन्या शहाबादीवर पंजा टिकतो. नव्या गुळगुळीत टाइल्सवर मात्र म्हातारं कुत्रं बर्फावर ठेवल्यासारखं फाकतं, एकदा आपटलं की उठायला घाबरतं, आणि मग जागेवरच लघवी करतं. 'घाण करतं' या तक्रारीचं मूळ अनेकदा टाइल्समध्ये असतं. उपाय स्वस्त आहे. झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत गोणपाटाची किंवा रबरी चटईची दोन-अडीच फूट रुंद पट्टी अंथरायची, सरकू नये म्हणून कडा चिकटवायच्या, आणि पंज्यातले वाढलेले केस कापायचे, नखं वेळेवर काढायची. गच्चीचा कठडा, फाटकाखालची फट, उघडी विहीर हेही त्याच फेरीत बघून घ्यावं.

निवृत्त जोडपं म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्यासाठी सोन्यासारखं घर, हे खरं. पण 32 किलोचा लॅब एकदा ओढला तर सत्तरीतल्या माणसाचा खुबा मोडू शकतो. वजन जुळवावं. अशा घरी दहा-बारा किलोचं गावठी किंवा स्पिट्झ चांगलं. त्यांच्यानंतर कुत्र्याला कोण बघणार, हा प्रश्न अवघड वाटला तरी विचारावा. पाच-सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात दुखणारं किंवा बहिरं कुत्रं देऊ नये. घरात आधीच पिल्लू असेल तरीही नको. पिल्लू दिवसभर कानाला लटकतं आणि म्हाताऱ्याला झोप मिळत नाही. दुसरं मोठं कुत्रं असेल तर पहिली भेट फाटकात करायची नाही. बाहेरच्या रस्त्यावर, दोघं दोन माणसांच्या हाती, पाच-सहा मीटर अंतर ठेवून एकाच दिशेला चालवायची. वास घेऊन दोघं सैल झाली की मग घर. जेवणाची ताटं महिनाभर वेगळ्या खोल्यांत.

देताना कागद करावा. साधा कागद चालतो. त्यावर आजारांची यादी, चालू गोळ्या, आणि तीन अटी स्पष्ट असाव्यात : तिसऱ्या माणसाला परस्पर द्यायचं नाही, पिल्लं काढायची नाहीत, जमलं नाही तर आमच्याकडेच परत. महिन्याभराची मुदत आधीच बोलून ठेवली की परत करणाऱ्याला तोंड लपवावं लागत नाही आणि कुत्रं रस्त्यावर येत नाही. सोबत लसीचं कार्ड, पंधरा दिवसांच्या गोळ्या, आणि त्याची न धुतलेली गोधडी द्यावी. नव्या घरात ओळखीचा वास तेवढाच असतो. फिटच्या गोळ्या चालू असतील तर एक दिवसही खंड पडता कामा नये, हे ठळक अक्षरांत लिहून द्यावं.

पहिल्या तीन आठवड्यांत पळून जाण्याचा धोका सगळ्यात जास्त. फिरवताना पट्टा आणि छातीचा हार्नेस, दोन्हीला दोर. गळ्याचा पट्टा दोन बोटं जातील इतका घट्ट, त्यावर फोन नंबर. पहिल्या दिवशी आंघोळ नको, पाहुणे नकोत. आपण झोपतो त्याच खोलीत त्याची गोधडी, आणि दर तीन-चार तासांनी बाहेर. बहिऱ्या कुत्र्याला मागून शिवायचं नाही. फरशीवर पाय आपटायचा, म्हणजे त्याला हादरा कळतो, मग हात हुंगवायचा. सुटलंच तर मागे धावू नये. शेवटचं दिसलं तिथे गोधडी आणि खाणं ठेवावं, पहाटे चार-पाचला शांतपणे जावं.

खाणं एकदम बदललं तर जुलाब ठरलेले. सात दिवसांत हळूहळू बदलावं. नुसत्या दूध-भाकरीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू झडतात, आणि कित्येकांना दूध पचतही नाही. 25 किलोच्या नसबंदी झालेल्या वयस्क कुत्र्याला दिवसाला साधारण 1,000 ते 1,100 किलोकॅलरी लागतात, कोरड्या खाद्यात जवळपास 300 ग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून. मूत्रपिंड अधू असेल तर आहार डॉक्टर सांगतील तोच. आपल्याकडची खास चूक म्हणजे उरलेला काळ्या मसाल्याचा रस्सा कळण्याच्या भाकरीवर ओतून देणं. त्यात कांदा-लसूण भरपूर असतो आणि त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. एका दिवसात काही होत नाही, म्हणून कुणाला पटत नाही.

आणि ऊन. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं म्हातारं, दाट केसांचं किंवा चपट्या तोंडाचं कुत्रं तिथे टिकत नाही. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे तळवेही भाजतात. कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम; पावसाळी दमटपणात तो निरुपयोगी, तेव्हा पंखा. अंगाचं तापमान एरवी 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. धापा थांबत नसतील आणि ते 104 च्या वर असेल तर साधं पाणी अंगावर ओतून पंखा लावावा आणि दवाखाना गाठावा. पुण्या-मुंबईचं घर मिळालं तर मे महिन्यात न्यायची घाई नको. रेल्वेत एसी फर्स्ट किंवा फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे (बंद खोली) आपल्या नावावर असेल तरच कुत्रं सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. म्हाताऱ्या कुत्र्याला ती पेटी नको. गाडी करून रात्री निघावं, निघण्याआधी चार-पाच तास खाणं नाही, दर अडीच-तीन तासांनी उतरवून पाणी. सोबत पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र.

एक गोष्ट उलट बाजूची. गल्लीतलं प्रत्येक म्हातारं कुत्रं दत्तक द्यायचं नसतं. नसबंदी झालेलं, चार घरी खाणारं, ठरावीक ओट्यावर झोपणारं गावठी कुत्रं तिथेच सुखी असतं. त्याला दहाव्या वर्षी फ्लॅटमध्ये बांधलं की ते रात्रभर रडतं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही नसबंदी-लसीकरणानंतर त्याच जागी सोडायचं असं आहे. घर लागतं ते टाकून दिलेल्या पाळीव कुत्र्याला, आंधळ्याला, तीन पायांवर आलेल्याला. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात भटकं कुत्रं दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करायची सोय आहे आणि घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. पाळीव कुत्र्याला उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे बदलीच्या गावी निघालेल्यांनी सामान बांधताना आठवावं.

आपल्याकडे एकच विनंती. छोट्या जाहिरातीत कुत्रं 'देणे आहे' असा मजकूर आला तर वय, वजन, नसबंदी आणि आजार या चार गोष्टी असल्याशिवाय तो घेऊ नये. फार शब्द लागत नाहीत : 'गावठी मादी, वय 8 ते 10, वजन 14 किलो, नसबंदी व रेबीज लस झाली. उजव्या कानाने ऐकू येत नाही, सांधेदुखीची गोळी रोज एक. मांजराशी पटते, लहान मुलांशी नाही. तळमजल्यावरचे घर हवे. राखणीसाठी देणे नाही.'

आपले,
जळगाव-भुसावळ परिसरात बेवारस कुत्र्यांना घरं शोधून देणारे काही कार्यकर्ते